खिळ्यांची भाकरी

मंगळवारी पहाटे साडेपाच वाजता भीमराज आणि त्याची धाकटी बहीण यशोधरा पुण्याच्या रुग्णालयात जायला घरातून निघाले. जीप वळून दिसेनाशी होईपर्यंत त्यांची आई सुमनबाई ओट्यावर उभी राहिली. मग ती आत आली. तिने मला फळीवरून खाली घेतलं, ओल्या फडक्याने पुसलं आणि पुन्हा भिंतीला टेकवून उभं केलं. पीठ काढलं नाही. या घरात सकाळी भाकरी झाली नाही असे दिवस फार थोडे. आजचा दिवस त्यांत धरायचा.

मित्रांनो, मी या घरातली काथवट आहे. तुमच्याकडे बहुतेक स्टीलची परात असेल, म्हणून सांगते. काथवट म्हणजे अखंड लाकडातून कोरून काढलेलं पसरट, उथळ भांडं. तिच्यात भाकरीचं पीठ मळतात आणि तिच्यातच भाकरी थापतात. मी स्वयंपाकघराबाहेर क्वचितच गेले आहे. त्यामुळे जे पाहिलं ते पाहिलं म्हणून सांगेन आणि जे नुसतं कानावर आलं ते ऐकलं म्हणून सांगेन. आजची बातमी अजून अर्धीच आहे. ती समजायला थोडं मागे जावं लागेल.

श्रीगोंदा तालुक्यात, कालव्याच्या कडेला आमचं गाव आहे. मी आधी इथल्याच एका बांधावरची बाभूळ होते. एका वळवाच्या वादळात मुळासकट आडवी झाले. सुमनबाईचा नवरा सहादू त्या शेतात कामाला होता. त्याने मालकाकडून बुंध्याचा ओंडका मागून घेतला आणि सायकलला बांधून कर्जतच्या सुताराकडे नेला. सुताराने वाकसाने मला पोखरलं, काचेच्या तुकड्याने घासून गुळगुळीत केलं आणि करडईचं तेल पाजलं. त्याच वर्षी सुमनबाई लग्न होऊन या घरात आली. आम्ही दोघी इथे एकदमच नव्या होतो, म्हणून मी तिच्याबद्दल एकेरीच बोलते. तिला राग नसावा.

पहिले काही दिवस तिची भाकरी थापताना फाटायची. हळूहळू तिच्या तळहाताला माझा उतार कळला आणि मला तिच्या हाताचं वजन कळलं. त्यानंतर तिने भाकरी थापताना माझ्याकडे बघितलेलं मला आठवत नाही. ती बोलत असे, रडत असे, पोरांना दटावत असे, आणि भाकरी आपली गोल फिरत असे.

एका उन्हाळ्यात तिने मला धुऊन अंगणात ठेवलं आणि दुपारभर विसरली. उन्हाने माझ्या काठाला चीर गेली. सहादूने तेलाच्या डब्याचा पत्रा कापला, आतल्या बाजूने काठाला बसवला आणि तीन खिळे ठोकले. खिळ्यांची डोकी किंचित वर राहिली. नेहमीची भाकरी मध्यावर थापतात, तिचा त्या खिळ्यांशी संबंध येत नसे. पण सहादू तेव्हा ऊसतोडीला जायचा. पहाटे अंधारात बाहेर पडायचा आणि दिवसभर कोयता चालवून मोळ्या वाहायचा. त्याची भाकरी सुमनबाई माझ्याएवढी मोठी थापायची. ती काठापर्यंत पोचायची आणि तिच्या कडेला तीन खळगे उमटायचे. पाण्याचा हात फिरवला तरी ते जात नसत.

लहानगा भीमराज त्या भाकरीला खिळ्यांची भाकरी म्हणायचा. "बाबा, मला खिळे," म्हणून सहादूच्या मांडीवर हात ठेवायचा. सहादू तेवढी कड मोडून त्याच्या हातावर द्यायचा. यशोधरा तेव्हा पाळण्यात होती. ती मागण्याएवढी झाली तोवर घरात ठरूनच गेलं होतं की तो तुकडा भीमराजचा.

पुढे सहादूला साखर कारखान्यात राखणदाराची नोकरी लागली. कोयता गेला, काठी आली आणि बसायला खुर्ची मिळाली. भाकरी मात्र तीच राहिली. घरात कुणाला ती लहान करावीशी वाटली नाही. कर्त्या माणसाची भाकरी लहान करणं म्हणजे त्याचा मान कमी करणं, अशी इथली समजूत. सहादू अंगाने सुटत गेला. मग त्याला साखरेचा आजार निघाला. मग पायाची जखम भरेना. यशोधराच्या लग्नाआधीच तो गेला. शेवटपर्यंत त्याच्या ताटात तीन खळग्यांची भाकरी होती. हे मी कुणाला दोष देण्यासाठी सांगत नाही. तसं झालं, म्हणून सांगते.

भीमराजच्या लग्नात माधुरीच्या रुखवतात स्टीलची परात आली आणि मी धान्याच्या कोठीमागे गेले. तिथे काही वर्षं काढली. कोळ्यांनी माझ्यात जाळी विणली. एकदा मला बाहेर काढलं, ते कोंबड्यांना कण्या टाकायला. मी फार वाईट वाटून घेतलं नाही. थोडं घेतलं. मग सुमनबाईची मनगटं दुखायला लागली. परात फरशीवर सरकते, मी जड असल्यामुळे जागची हलत नाही. तिने मला गरम पाण्याने धुतलं, तेल लावलं, आणि आम्ही दोघी पुन्हा कामाला लागलो.

आता मूळ गोष्टीकडे येते.

यशोधरा कर्जतकडे दिलेली. अंगणवाडीत काम करायची, पोरांना गाणी शिकवायची. गेल्या वर्षी तिच्या पायांवर सूज आली, चेहरा फुगला, आणि तपासणीत कळलं की तिच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या आहेत. नगरला डायलिसिस सुरू झालं. सरकारी पाटीवर नाव बदललं असलं तरी घरात सगळे नगरच म्हणतात. सासरहून ते लांब पडतं म्हणून ती माहेरी राहायला आली. तिचा नवरा दर रविवारी येतो. त्याचा रक्तगट जुळला नाही. सुमनबाईचं वय आणि रक्तदाब आडवा आला. भीमराजचा गट जुळला.

भीमराज त्याच कारखान्यात काट्यावर आहे. उसाच्या ट्रॉल्या वजनाला येतात, तो केबिनमध्ये बसून बटणं दाबतो. हंगामात तासन्‌तास खुर्चीवर, वर टपरीचा गोड चहा. अंगाने तो बापावर गेला होता. पुण्याच्या डॉक्टरांनी त्याला तपासलं आणि स्पष्ट सांगितलं, की या वजनावर आम्ही तुमची किडनी काढणार नाही. साखरही काठावर आहे. एकीला वाचवताना दुसरा आजारी पाडायचा नाही. वजन उतरवा, साखर जागेवर आणा, मग या.

त्या संध्याकाळी तो स्वयंपाकघरात येऊन पाटावर बसला. मी समोर होते. हे मी पाहिलेलं आहे.

"भात बंद," तो म्हणाला. "साखर, गूळ, बटाटा, साबुदाना बंद. चपाती बंद."

"मग खायाचं काय, वारा?" सुमनबाईने विचारलं.

"अंडी खायाची. मटकी, हुलगं. पालेभाजी पोटभर. मासं. बिनसाखरेचं ताक. आन् एका जेवनाला एक भाकर."

"एकच?"

"एकच. त्या आहाराच्या बाईंनी सांगितलंय. आन् रोज चालायचं, अंग हलवायचं. न्हाईतर नुसतं खान्यानं भागत न्हाई."

दाराशी बसलेली यशोधरा हसली. तिला तेव्हा दिवसाला मोजकंच पाणी प्यायची परवानगी होती. "दादा, मला पान्याचं माप, तुला भाकरीचं. घरात आई एकटीच मोकळी."

"मोकळी कशाची," सुमनबाई म्हणाली.

इथे एक गोष्ट राहून गेली. त्या बाईंनी एक भाकरी म्हणजे केवढी, हे दाखवलं असणारच. पण या घरात भाकरी मोजतात, मापत नाहीत. भीमराजने आकडा तेवढा घरी आणला.

तो चालायला लागला. पहाटे कालव्याच्या कडेने पुलापर्यंत आणि परत. आल्यावर अंगणात बैठका. कारखान्यात मोटारसायकलऐवजी सायकलवर. गावाने त्याला सोडलं नाही. अंगणातून आवाज यायचे ते मी ऐकत होते.

"भीमराज, म्हैस सुटली का रं?"

"न्हाई तात्या, फिरायला निगालोय."

"मंग म्हशीलाबी घेऊन जा की. तीबी लई सुटलीय."

पहिल्या काही आठवड्यांत त्याचं वजन जरा उतरलं. गोड चहा आणि भात सुटल्याचा तो परिणाम. मग काटा जागचा हलेना. त्याच्याबरोबर काम करणारा गोरक्ष एकदा चहाला आला आणि स्वयंपाकघराच्या दारातच बसला. कारखान्यातल्या पोत्यांच्या काट्यावर भीमराजला दर शनिवारी तोच उभा करायचा.

"मावशी," गोरक्ष म्हणाला, "ह्येनी हुरड्याला यायचं बी सोडलं. म्या म्हनलं, अरं हिरवा हाय की, पालेभाजीच समज. तर म्हनतो, दानं मोजून देशील का. एवढं करून बी काटा हाय तितंच. काटाच मोडला आसंल."

"काटा नीट हाय," भीमराज म्हणाला. "मीच मोडीत निगालोय."

तो हे हसत म्हणाला, पण त्या दिवसापासून त्याने चालणं वाढवलं. सायंकाळी कामावरून आल्यावरही कालव्यावर जाऊ लागला. परत आल्यावर पाय चोळत बसायचा. यशोधरा त्याच्याकडे बघायची आणि दुसरीकडे बघायची. तिला विचारायचं धाडस होत नसे आणि त्याला सांगण्यासारखं काही नसे.

मला मात्र कारण ठाऊक होतं, मित्रांनो. ज्या दिवशी एका भाकरीचा नियम झाला, त्याच्या दुसऱ्या सकाळी सुमनबाईने पिठाचा उंडा घेतला तो नेहमीच्या दुप्पट होता. मला वाटलं, दोन भाकरींचं पीठ एकदम मळते आहे. पण तिने तो तोडला नाही. थापत गेली. कितीतरी वर्षांनी माझ्या काठाला पीठ लागलं. भाकरी खिळ्यांवर गेली.

आधी ती भीमराजला अख्खी भाकरी वाढायची. आता तव्यावरून काढली की लगेच चार चतकोर करायची आणि एकेक चतकोर वाढायची. चतकोर बघून भाकरीचा आकार कुणाच्या लक्षात येत नाही. भीमराज चार चतकोर मोजून खायचा आणि उठायचा. "आज बी एकच," म्हणायचा. माधुरी शेजारच्या शेगडीवर उसळ करायची. तिला हे दिसत होतं की नाही, ते मला आजही खात्रीने सांगता येत नाही. ती काही बोलली नाही, एवढं खरं.

मला वाटायचं, हे आईचं वेडं प्रेम. पोरगा चालून चालून थकतो, त्याच्या पोटात दोन घास जास्त जावेत. पण तिच्या हातात प्रेमाशिवाय आणखी काहीतरी होतं. ती पीठ मळायची नाही, दाबायची. मनगटं दुखत असूनही.

जानेवारीतल्या एका सुट्टीच्या दुपारी ते उघडं पडलं. भीमराज जेवायला बसला होता, यशोधरा समोर, माधुरी भाजी वाढत होती. भीमराजने दुसरा चतकोर उचलला. त्याचा अंगठा कडेवरून फिरला आणि थांबला. त्याने चतकोर उजेडाकडे धरला. मग ताटात ठेवला, पुन्हा उचलला, पुन्हा अंगठा फिरवला.

"आई," तो म्हणाला, "ही बाबाची भाकर हाय."

सुमनबाईने तव्यावरची भाकरी उलटली.

"हितं खिळं उमटल्यात. तीन." त्याने चारही चतकोर ताटात जोडून ठेवले. ताट भरून भाकरी झाली. "ही एक न्हाई, आई. ह्या दोन हायेत. कवापासनं करतीयास?"

"पयल्या दिसापासनं," सुमनबाई म्हणाली. तिने खोटं सांगितलं नाही.

"आगं, म्या पाय मोडंस्तोवर चालतोय. का केलंस आसं?"

सुमनबाईने तव्याखालचा जाळ बारीक केला. हात पदराला पुसले. ते आधीच कोरडे होते.

"तुजं वजन उतारलं, की तुला बी नेतील," ती म्हणाली. "आज एक आजारी हाय. मग दोगं बी टेबलावर. एकाच दिशी. मला दोनच हायेत रं."

माधुरी उसळीचं भांडं हातात घेऊन तशीच उभी राहिली. तिची मान खाली होती. भीमराज आईकडे बघत होता. तेवढ्यात यशोधराने हात लांब केला आणि त्याच्या ताटातला तो चतकोर घेतला.

"दे हिकडं," ती म्हणाली. "खिळ्याचा तुकडा कायम तुलाच. मला कवा मिळालाच न्हाई."

तिने कडेचा तुकडा मोडला, तोंडात टाकला आणि सावकाश चावला. "काय येगळं लागत न्हाई," ती म्हणाली. "उगं येवढी वर्सं जळत हुते."

आधी माधुरी हसली. मग भीमराज हसला. सुमनबाई हसली नाही. तिने पदर तोंडाला लावला.

भीमराजने आईला पुढे काही ऐकवलं नाही. हात धुताना एवढंच म्हणाला, "आई, परवा यशासंगं नगरला तू जा. माधुरीला न्हाई, तूच जा. आत बस."

सुमनबाई तोवर डायलिसिसला कधी गेली नव्हती. माझ्यानं बघवणार नाही, म्हणायची. त्या दिवशी गेली. तिथे काय झालं ते मी पाहिलं नाही. अंधार पडताना दोघी परत आल्या. यशोधरा आल्या आल्या आडवी झाली. सुमनबाई स्वयंपाकघरात आली, पाट ओढून माझ्यासमोर बसली, आणि बराच वेळ पीठ न घेता नुसता माझ्या काठावरून हात फिरवत राहिली.

"तिचं रगात बाहीर फिरतं गं," ती माधुरीला म्हणाली. "नळीतनं. आपल्याला दिसतं. समदं बाहीर येतं आन् मग आत जातं. आन् ती पोरगी शेजारच्या बाईला इनोद सांगती."

"व्हय, आत्या," माधुरी म्हणाली.

"भीमाला केवढी भाकर चालती गं?"

माधुरीने आपला हात पुढे केला आणि पंजा उघडून दाखवला. "बोटं धरून येवढी. पातळ."

मित्रांनो, तिला माप ठाऊक होतं. म्हणजे ते तिला पहिल्यापासून ठाऊक होतं का, हा प्रश्न मला तेव्हाही पडला. सुमनबाईलाही पडला असावा. तिने सुनेच्या तोंडाकडे क्षणभर पाहिलं. विचारलं नाही. दोघींनाही एकाच गोष्टीची भीती वाटत होती. मग विचारायचं काय.

सुमनबाईने पीठ घेतलं. त्यावर आधण ओतलं, मळलं, पेरूएवढा उंडा तोडला आणि थापला. भाकरी माझ्या मध्यावरच राहिली. पापुद्र्यासारखी पातळ झाली. तव्यावर पटकन फुगली. भीमराजला ती तिने चतकोर न करता अख्खी वाढली. त्याने ती बघितली आणि आईकडे बघितलं.

"पुरंल का रं?"

"पुरंल. भाजी जादा दे."

त्यानंतर काटा हलू लागला. एकदम नाही. एखाद्या शनिवारी हलायचा, एखाद्या शनिवारी हट्ट धरून बसायचा. पण दिशा धरली होती. मला नवी कामं लागली. माझ्यात मेथी निवडली जाऊ लागली, शेपू, तांदूळजा. माझ्यात मटकी पसरून ठेवायची आणि वर ओलं फडकं. दुसऱ्या दिवशी तिला पांढरे कोंब यायचे. सुमनबाई अंड्याची पोळी करायला शिकली आणि वांगी बिनबटाट्याची करायला लागली. आधी प्रत्येक वेळी नाक मुरडायची. मग स्वतःही तेच खायला लागली, कारण दोन स्वयंपाक कोण करणार.

एक दिवस पहाटे भीमराज चपला घालत होता, तेव्हा ती पण पदर खोचून बाहेर आली.

"तू कुटं?"

"पुलापतूर न्हाई येनार. देवळापतूर येईन. मग फिरंन माघारी."

"लोक म्हनतील, आता म्हशीसंगं तिची आईबी निगाली."

"म्हनूं दे," सुमनबाई म्हणाली. "त्यांच्या म्हशी गोठ्यात बसून सुटल्यात."

ती देवळापर्यंत जायची, मग पुढच्या वडापर्यंत जाऊ लागली. एका सकाळी दोघं एकदमच परत आली. पुलाला हात लावून आलो म्हणाली. भीमराजच्या पँटी ढिल्या झाल्या, माधुरीने त्या बसून उसवल्या आणि आत घेतल्या. शिवताना ती एकदा म्हणाली, "हा जुना भीमराज मला लग्नात बी दिसला नव्हता." यशोधराने लगेच विचारलं, "आवडला का वैनी? न्हाईतर बदलून देते." असं हसणं त्या महिन्यांत अधूनमधून ऐकू येत असे. डायलिसिसच्या दुसऱ्या दिवशी येत नसे. त्या दिवशी यशोधरा भिंतीकडे तोंड करून पडलेली असायची.

गेल्या आठवड्यात पुण्याहून बोलावणं आलं. भीमराजचं वजन डॉक्टरांनी सांगितलेल्या रेषेच्या खाली आलं होतं. पण नुसत्या वजनाने होत नाही, मित्रांनो. साखरेची तपासणी, हृदयाची, आणि दोघांचं रक्त पुन्हा एकदा समोरासमोर ठेवून बघायचं. ते सगळं जुळलं तरच तारीख मिळणार. नाही जुळलं तर काय, हे या स्वयंपाकघरात कुणी मोठ्याने विचारलेलं नाही.

काल संध्याकाळी चौघांनी मेणबत्ती लावून बुद्धवंदना म्हटली. यशोधराचा आवाज मध्येच बसला, तेव्हा भीमराजने ओळ पुढे नेली. आज पहाटे निघताना सुमनबाईने दोघांच्या हातावर उकडलेली अंडी ठेवली. यशोधरा म्हणाली, "आई, रक्त उपाशीपोटी द्यायचंय." तेव्हा तिने ती फडक्यात बांधली. "मग नंतर खा. पर खा." भीमराजने आईच्या पायाला हात लावला. तिने त्याच्या दंडाला हात लावून बघितला, बाजारात कणीस बघतात तसा.

"लई वाळलास," ती म्हणाली.

"तूच वाळवलंस की."

मग जीप आली.

मित्रांनो, माझ्या जातीची भांडी शेवटी एक विनंती करतात. आम्हाला टाकू नका, तेल लावा, उन्हात विसरू नका. तीही करते, कारण चीर गेली की तिचे खिळे आयुष्यभर राहतात. पण मला दुसरंच मागायचं आहे. जेवायला बसाल तेव्हा आज आपलं अंग किती हललं, ते आठवा आणि तेवढीच भाकरी मागा. ऊस तोडणाऱ्याची भाकरी खुर्चीवर बसणाऱ्याला झेपत नाही, हे मी एका घरात दोनदा पाहिलं आहे. आणि जी माणसं तुम्हाला वाढतात, त्यांच्या ताटाकडे आणि तोंडाकडेही एकदा बघा. घास मोठा का झाला, ते त्यांनाच विचारावं लागतं. मला विचारून उपयोग नाही, मी फक्त खळगे दाखवू शकते.

आता आजचं, शेवटचं कळलेलं. अकराच्या सुमारास माधुरीच्या मोबाईलवर भीमराजचा फोन आला. रक्त दिलं, अंडी खाल्ली, हृदयाची तपासणी चालू आहे. दुपारी दोननंतर पुन्हा फोन आला. सगळ्या तपासण्या झाल्या आहेत, मोठे डॉक्टर संध्याकाळी बोलावून सांगतील. तेव्हापासून मोबाईल चार्जिंगला लावून माधुरी त्याच्याजवळ बसली आहे.

पाच वाजता सुमनबाई उठली. "येतील तवा भुका लागतील," म्हणाली. तिने मला भिंतीपासून काढलं आणि पुढ्यात ओढलं. डब्यातून पीठ घेतलं. उंडे दोन केले, दोन्ही पेरूएवढे. एक थापून झाला आहे, दुसरा तिच्या हाताखाली आहे. तिचं लक्ष माझ्याकडे नाही, मोबाईलकडे आहे. तरीही भाकरी मध्यावर आहे आणि काठाचे तिन्ही खिळे कोरडे आहेत.

साडेपाच वाजून गेले आहेत. फोन अजून आलेला नाही.